पौषांतला विद्यारंभ

पौष महिना आपल्याकडे शुभकार्यास वर्ज्य मानला जातो. लग्नमुंजींचे मुहूर्त त्यांत निघत नाहींत, आणि कोणतेंही नवें काम मांडावयाचें झालें तर घरांतील वडील माणसें "माघ लागूं द्या" असें म्हणून तें पुढें ढकलतात. नेमकें याच महिन्याच्या सुमारास अमेरिकेंतील विद्यापीठांचें दुसरें सत्र सुरू होतें, व त्यास तेथील लोक 'स्प्रिंग' म्हणजे वसंत असें म्हणतात! मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडे जानेवारींत सरोवरें इतकीं थिजलेलीं असतात कीं त्यांवरून माणसें खुशाल चालतात. कोकिळेचें तर नांवच नको. असो. नांवाचा वाद आपण घालूं नये. आज आम्हांस लिहावयाचें आहे तें या अवेळच्या वसंतांत विद्यापीठाची पायरी चढणाऱ्या मुलामुलींविषयीं व त्यांच्या घरांविषयीं.

निमित्त एका वाचक भगिनीच्या पत्राचें. त्यांच्या एकत्र कुटुंबांतील पुतणीस पदवीच्या शिक्षणासाठीं ऑगस्टमध्यें अमेरिकेस जावयाचें होतें. प्रवेश मिळाला, बँकेचें कर्ज मंजूर झालें, मेतकुटाचे व भाजणीचे डबे भरले, आप्तेष्टांकडे केळवणासारखीं जेवणें झालीं, पाकिटें हातांत पडलीं; व्हिसाच्या मुलाखतीची वेळ मात्र मिळतां मिळाली नाहीं. विद्यापीठानें कळविलें कीं, जानेवारींत या. आतां घरांत तीन पक्ष झाले आहेत. आजोबांचें म्हणणें, मुलीनें तोंवर येथल्याच कॉलेजांत नांव घालावें, म्हणजे वर्ष फुकट जाणार नाहीं. मुलीची आई म्हणते, विघ्न आलें त्या अर्थीं हा बेतच सोडावा. वडील म्हणतात, जानेवारी तर जानेवारी, त्यांत काय बिघडलें? मुलगी स्वतः कांहींच बोलत नाहीं, आणि दारावरची घंटा वाजली कीं आंतल्या खोलींत जाऊन बसते. आम्हीं कोणाचें ऐकावें, असा भगिनींचा प्रश्न आहे.

मुलीच्या आईचें समाधान करणें सर्वांत सोपें, म्हणून तें आधीं करूं. जानेवारींत येणें हें तेथें विघ्न समजलें जात नाहीं. व्हरमाँट संस्थानांतील मिडलबरी कॉलेज कित्येक दशकें दरसाल शंभराच्या आसपास नवे विद्यार्थी मुद्दाम फेब्रुवारींत घेत आलें आहे. त्यांस 'फेब' असें लाडकें नांव असून तें नांव तीं मुलें मोठ्या अभिमानानें मिरवितात. लॉस एंजेलिसचें सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठहि कांहीं मुलांस वसंतसत्राचा प्रवेश देतें. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठानें आणखी एक युक्ति काढली: निवडलेल्या मुलांना पहिलें सत्र परदेशांतील एखाद्या सहयोगी संस्थेंत शिकवावयाचें आणि जानेवारींत बोस्टनला आणावयाचें.

यामागील कारण विद्येपेक्षां खाटांशीं अधिक निगडित आहे. ऑगस्टमध्यें वसतिगृहें भरतात. पण पहिलें सत्र संपतां संपतां कोणी पदवी घेऊन बाहेर पडतो, कोणी सहा महिन्यांसाठीं परदेशीं शिकावयास जातो, कोणी शिक्षण सोडतो. रिकाम्या खाटेची फी कोणी देत नाहीं. दुसरें एक कारण विद्यापीठें मोठ्यानें सांगत नाहींत. नव्या विद्यार्थ्यांची जी मोजदाद सरकारास कळवावयाची व जिच्या आधारें वर्तमानपत्रें विद्यापीठांचे क्रम लावतात, ती मुख्यतः शरद्सत्रांत आलेल्या मुलांची असते. जानेवारींत आलेल्यांचे गुण त्या सरासरींत धरले जात नाहींत. म्हणजे थोड्या कमी गुणांचा परंतु होतकरू मुलगा घेतला तरी संस्थेच्या कीर्तीस धक्का लागत नाहीं. वाचकांनीं यांत कांहीं काळेंबेरें पाहूं नये. वर्ग तेच, प्राध्यापक तेच, आणि पदवी मिळते तीहि तीच.

आपल्याकडील मुलांना जानेवारी गांठावा लागतो तो बहुधा निराळ्या कारणांनीं. सन २०१७ मध्यें मुंबई विद्यापीठानें उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा प्रयोग एकदम मोठ्या प्रमाणावर केला; निकाल रखडले, व परदेशीं निघालेल्या अनेक मुलांच्या हातीं गुणपत्रिका वेळेवर पडल्या नाहींत. सन २०२० च्या मार्चमध्यें महामारीमुळें अमेरिकन वकिलातींतील व्हिसाचें नेहमींचें काम थांबलें. सन २०२५ च्या मे महिन्याअखेर विद्यार्थ्यांना मुलाखतीच्या नव्या वेळा देणें अमेरिकन सरकारनें सुमारें तीन आठवडे बंद ठेवलें, आणि तेंहि ऐन घाईच्या दिवसांत. या तिन्ही वेळीं दोष मुलांचा नव्हता. मग ज्या मुलीकडे दोष नाहीं तिनें घंटा वाजतांच आंत कां पळावें?

वडिलांस मात्र आम्ही सांगूं कीं, बिघडत नाहीं असें नाहीं. तेथील वर्ष दोन सत्रांचें असलें तरी पुष्कळ विषय सांखळीसारखे गुंफलेले असतात. कलनगणित, पदार्थविज्ञान, रसायन यांचा पहिला भाग शरदांत आणि दुसरा वसंतांत शिकविण्याची सर्वसाधारण रीत आहे. मोठ्या सरकारी विद्यापीठांत पहिला भाग जानेवारींत पुन्हा शिकवितात, कारण तेथें शेंकडों मुलें असतात. लहान कॉलेजांत तसें होईलच याची हमी नाहीं. पहिली कडी हातची गेली तर मुलीस पुढच्या ऑगस्टपर्यंत इकडचे-तिकडचे विषय घेऊन बसावें लागतें, आणि एका सत्राचा उशीर पाहतां पाहतां वर्षाचा होतो. इतिहास, अर्थशास्त्र, वाङ्मय घेणारास ही अडचण बरीच कमी. म्हणून तिकिटाची चौकशी करण्यापूर्वीं मुलीनें विद्यापीठास एकच प्रश्न लिहून विचारावा: माझ्या शाखेच्या पहिल्या पायरीचे कोणकोणते विषय या जानेवारींत शिकविले जाणार आहेत? उत्तरादाखल विषयांची यादी आली तर जावें. "आपलें स्वागत आहे" एवढेंच आलें तर पुन्हा विचारावें.

पैशाचीहि गोष्ट आहे. शिष्यवृत्ति ऑगस्टच्या प्रवेशाबरोबर मिळाली असेल तर ती जानेवारींत आपोआप लागू होते असें समजूं नये. पुष्कळ ठिकाणीं ती शरद्सत्रापुरतीच असते. ती कायम राहिल्याचें लेखी घ्यावें. आय-ट्वेंटी या नांवाचा जो दाखला विद्यापीठ देतें, त्यावर नवी तारीख घालून घ्यावी, आणि बँकेसहि कळवावें. पदव्युत्तर शिक्षणास जाणाऱ्या मुलांनीं आणखी एक हिशोब करावा. अभ्यासाचा भाग म्हणून बाहेरच्या कंपनींत पगारी उमेदवारी करावयाची तर परदेशी विद्यार्थ्यास सामान्यतः आधीं एक पूर्ण शैक्षणिक वर्ष शिकावें लागतें. ऑगस्टमध्यें गेलेला विद्यार्थी मेपर्यंत ती अट पुरी करतो. जानेवारींत गेलेल्याचा पहिला उन्हाळा हातचा जातो. ज्यानें कर्जाचा हप्ता त्या कमाईवर बसविला असेल त्यानें हें घरांतील वडिलांना आधींच सांगितलेलें बरें. घरभाड्याचे करारहि तिकडे विद्यापीठांच्या गांवीं बहुधा ऑगस्ट ते ऑगस्ट असतात; मधेंच आलेल्यास कोणाच्या तरी उरलेल्या मुदतींत शिरावें लागतें. सत्र सुरू होण्याच्या तीस दिवसांहून आधीं देशांत प्रवेशच मिळत नाहीं, व नाताळांत बहुतेक वसतिगृहें बंद असतात, तेव्हां लवकर जाऊन स्थिरस्थावर होण्याचा विचारहि फारसा उपयोगी नाहीं.

आजोबांचा सल्ला व्यवहारी वाटतो, आणि नेमका तोच सर्वांत धोक्याचा आहे. प्रवेश पुढें ढकलून देतांना अनेक विद्यापीठें अशी अट घालतात कीं, मधल्या काळांत विद्यार्थ्यानें दुसऱ्या कोणत्याही संस्थेंत पदवीच्या अभ्यासक्रमास बसूं नये. ती मोडली तर मुलगी 'नवी विद्यार्थिनी' न राहतां 'दुसऱ्या कॉलेजांतून आलेली' ठरते. प्रवेश पुन्हा तपासला जातो आणि नव्या विद्यार्थ्यांसाठीं असलेली शिष्यवृत्तिहि जाऊं शकते. वर्ष वांचविण्यासाठीं केलेली धडपड अशी अंगाशीं येते. विद्यापीठाची लेखी परवानगी आल्याखेरीज येथल्या कॉलेजाच्या प्रवेशपत्रिकेवर सही करूं नये.

आतां राहिले मधले पांच महिने. खरा प्रश्न हाच आहे, व विद्यापीठाच्या पत्रांत त्याविषयीं क्वचितच एखादी ओळ असते. परीक्षांच्या वेळापत्रकानें इतकीं वर्षें हांकलेलें मूल एकाएकीं मोकळें होतें. सकाळीं उठावयाचें कारण नाहीं. बरोबरीचीं मुलें नव्या गांवचीं छायाचित्रें पाठवीत आहेत. आणि घरांत प्रत्येकास वाटतें कीं, हिला सध्यां काम नाहीं, तेव्हां बँकेत हिला पाठवा, धाकट्याला शाळेंतून हिला आणूं द्या, पाहुण्यांचा चहा हिनेंच करावा. घरकामास आमचा विरोध नाहीं. उलट जिला पुढें चार वर्षें परमुलखांत स्वतःच्या हातानें शिजवून खावयाचें आहे तिनें, आणि मुलगा असेल तर त्यानेंहि, पोळी, आमटी व दोन भाज्या या मुदतींत काकू-आत्यांच्या हाताखालीं शिकून घ्याव्या. परंतु दिवसाचे चार तास तिचे स्वतःचे असावेत व त्या वेळांत तिला कोणी हांक मारूं नये. हें मुद्दाम लिहावें लागतें, कारण एकत्र कुटुंबांत रिकामें माणूस ही सार्वजनिक मालमत्ता समजली जाते!

या चार तासांत काय करावें? आपल्या जुन्या अध्ययनपद्धतींत याला एक सुरेख उदाहरण आहे. श्रावणांत किंवा भाद्रपदांत उपाकर्म करून साडेचार महिने वेदाध्ययन करावें, पौषांत अथवा माघांत उत्सर्जन करावें, आणि त्यापुढें शुक्लपक्षांत वेद व कृष्णपक्षांत वेदांगें म्हणावींत, अशी व्यवस्था मनुस्मृतींत सांगितली आहे. म्हणजे मुख्य सत्राबाहेरच्या महिन्यांनाहि नेमून दिलेला अभ्यास होता. व्याकरण, छंद, ज्योतिष हीं अंगें त्यांत येत. आजच्या मुलीचीं वेदांगें कोणतीं तें तिनें ठरवावें. आम्हांस सुचतात तीं अशीं: रोज दोन पानें स्वतःच्या मनचें इंग्रजी लिहिणें, कारण तिकडे पहिल्या आठवड्यापासून निबंध मागतात, जानेवारींतील विषयांचें पाठ्यपुस्तक आधींच मिळवून त्यांतील उदाहरणें सोडविणें, आणि एखाद्या ओळखीच्या कारखान्यांत, प्रयोगशाळेंत किंवा ग्रंथालयांत दोन-तीन महिने बिनपगारी कां होईना उमेदवारी करणें.

मधल्या काळानें बुद्धीस गंज चढतो ही भीति खोटी आहे. बौद्ध वाङ्मयाचे पंडित धर्मानंद कोसंबी यांचे चिरंजीव दामोदर हे अमेरिकेंतील केंब्रिज येथें शाळा शिकून हिंदुस्थानांत परत आले होते. सन १९२६ च्या जानेवारींत ते वडिलांबरोबर पुन्हा तिकडे गेले, आणि सन १९२९ मध्यें हार्वर्डची पदवी त्यांनीं उत्तम श्रेणींत मिळविली. पुढें गणितांत व इतिहासांत त्यांनीं काय केलें तें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

घरच्या मंडळींस एवढेंच सांगणें कीं, येणाऱ्या-जाणाऱ्यास उत्तर देण्याचें काम मुलीवर टाकूं नका. "अजून गेली नाहीस?" हा प्रश्न विचारणाराला दहा सेकंदांत विसरतो, पण ऐकणारीला रात्रभर पुरतो. घरांतील सर्वांत वडील माणसानें तिच्या आधीं म्हणावें, "तिचें सत्र जानेवारींत सुरू होतें." मुलाखतीचा इतिहास, वकिलातीचा कारभार, नशिबाचे फेरे हें कांहीं सांगत बसूं नये. पाकिटेंहि परत करण्याचें कारण नाहीं. त्यांत थंडीचा एक चांगला कोट येतो, आणि जानेवारींत उतरणाऱ्या मुलीला विमानतळाबाहेर पाऊल टाकतांच त्याची गरज लागते. आणि दुसऱ्यांदां निरोपाचीं जेवणें नकोत. पहिल्यांदां झालीं तेवढीं पुरे.

जाणकार वाचक विचारतील कीं, आतां आपल्याकडेहि वर्षांतून दोनदां प्रवेश होणार ना? विद्यापीठ अनुदान आयोगानें सन २०२४ च्या जूनमध्यें जुलै-ऑगस्ट व जानेवारी-फेब्रुवारी असे दोन वेळां प्रवेश देण्याची मोकळीक विद्यापीठांस जाहीर केली, व सन २०२५ च्या नियमांतहि तिला स्थान दिलें. सक्ति कोणावर नाहीं. निकाल लांबला, आजारपण आलें, म्हणून मुलाचें अख्खें वर्ष जाऊं नये, हा हेतु स्तुत्यच आहे. परंतु आमचा प्रश्न येथेंहि तोच राहील: जानेवारींत आलेल्या मुलांसाठीं पहिल्या सत्राचे विषय पुन्हा शिकविणार आहांत काय? त्यासाठीं अध्यापक पाहिजेत, खोल्या पाहिजेत, प्रयोगशाळेचें दुहेरी वेळापत्रक पाहिजे. जेथें आज एका तुकडीलाच पुरेसे अध्यापक नाहींत तेथें पालकांनीं घाई करूं नये.

आणखी एक बारीकशी गोष्ट. जानेवारींत सुरुवात करणाराचें शिक्षण बहुधा डिसेंबरांत संपतें. कित्येक विद्यापीठें त्या महिन्यांत पदवीदान समारंभ करतात. कांहीं करीत नाहींत व मुलांस मेपर्यंत थांबवितात. आजीआजोबांस तो सोहळा पाहावयाचा असेल तर तिकिटें काढण्यापूर्वीं तारीख विचारून घ्यावी. मिडलबरीचे 'फेब' निरोप घेतात तोहि फेब्रुवारींतच: झगा व टोपी चढवून तीं मुलें कॉलेजच्या बर्फाळ डोंगरावरून पायांस लांब पट्ट्या बांधून घसरत खालीं येतात, आणि आईबाप पायथ्याशीं कुडकुडत टाळ्या वाजवीत उभे असतात.