शांत पाणी आणि आम्ही

उजनीच्या काठाला ‘अज्ञात जागा’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. त्यांच्या येण्याशी नाही, त्या शब्दाशी आहे.

आताशा शहरातली पोरं गाडीच्या टपावर कयाक बांधून येतात. एका माणसापुरती लांबट होडी, दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं, मागं गळाची काठी. बरोबर तंबू, शेगडी, मसाला लावलेली कोंबडी. पहिला प्रश्न ठरलेला, “काका, इथं कुणी येत नाही ना?”

मी म्हणतो, “येत नाही, राहतो. आम्ही राहतो की इथं.”

पोरं हसतात. पण मी विनोद केलेला नसतो.

ही शांतता आयती आलेली नाही. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं आणि काठची गावंच्या गावं पाण्यात गेली. त्यात आमचंही गेलं. मी तेव्हा शाळकरी पोरगा. वडिलांनी घराची चौकट आणि तुळया बैलगाडीत घातल्या. आजी जातं सोडायला तयार नव्हती, म्हणून तेही चढवलं. विहीर तेवढी मागं राहिली. ती कशी उचलणार? आजही उन्हाळ्यात पाणी उतरलं, की पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर वर येतं आणि लोक फोटोला गर्दी करतात. देवळाभोवती गावही होतं, हे फोटोत येत नाही.

धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. म्हणून आमच्याकडं पाणी ‘उणे’त मोजतात. उणे वीस, उणे चाळीस. पाणी मागं सरकतं तसा गाळ उघडा पडतो आणि त्या ओलीवर माणसं मका, चारा, भाजीपाला करतात. त्याला गाळपेर म्हणतात. पाहुण्याला तंबूसाठी जी सपाट हिरवी जागा सापडते, ती पुष्कळदा कुणाची तरी गाळपेर असते. पीक गुडघ्याएवढं होईस्तोवर ते गवतासारखंच दिसतं, हे कबूल. पण विचारायला तोंड आहे ना?

पाण्याचंही तसंच. मच्छीमार संध्याकाळी जाळी टाकतो, पहाटे ओढतो. वर दिसतो थर्माकोलचा तुकडा नाहीतर बूच लावलेली रिकामी बाटली. तो कचरा नव्हे, ती जाळ्याची खूण. एका पाहुण्यानं निसर्गाची सेवा म्हणून अशा तीन बाटल्या सोडवून पिशवीत भरल्या आणि मोठ्या अभिमानानं मला दाखवल्या. ज्याची जाळी होती, तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्यात आकडा फिरवत होता. कटला, रोहू, चिलापी, जे काय लागलं असेल ते तळाशी सडलं. त्याचा रोज बुडाला. पाहुण्याचा हेतू चांगलाच होता. पण हेतूनं जाळं वर येत नाही.

यावर मला सांगतात, “काका, आमच्या होडीला इंजिन नाही, आवाज नाही, तेल नाही.” बरोबर आहे. डीजे लावून रात्रभर नाचणाऱ्यांपेक्षा ही पोरं शंभर पटीनं बरी. आणि आमचेही काही हात स्वच्छ नाहीत. बारीक आसाची जाळी लावून बोटाएवढी पिल्लं उपसणारे आमच्यातलेच, आणि वाळूच्या बोटींकडं पाठ फिरवून बसणारेही आमच्यातलेच. पण आमचं चुकतं म्हणून जागा बेवारस होत नाही.

आणि दिसतं तेवढं हे पाणी शांतही नाही. सकाळी आरशासारखं असतं, पण वैशाखात दुपार कलली की वारं कुठून उठेल नेम नाही. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. ती काही सहलीची बोट नव्हती. धरणानं पलीकडचं गाव पाण्याआड गेलं. रस्त्यानं जायचं तर भला मोठा वळसा, म्हणून माणसं बोटीनं जातात. हौसेला आलेल्यानं जाकीट न घालता पाण्यात शिरणं ही मर्दुमकी नव्हे. उथळ पाण्यात बाभळीची खोडं आहेत, पडक्या भिंती आहेत, आणि मघाशी सांगितली तशा विहिरीही आहेत. त्या कुठं आहेत, हे तुमच्या फोनमधला नकाशा सांगणार नाही. काठावरचा म्हातारा सांगेल.

तेव्हा या. पण गावात आधी थांबा. जाळी कुठं आहेत, गाळपेर कुणाची आहे, वारं कधी सुटतं, हे विचारा. गळ टाकायचा तर तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारून टाका. पावसाळ्यात मासा अंड्यावर असतो, तेव्हा गळ घरीच ठेवा. थंडीत रोहित पक्षी चरत असतील तिकडं होडी नेऊ नका. भाकरी-कालवण गावात सांगा, चार पैसे गावात राहतील. आणि फोटोखाली ‘अज्ञात जागा’ लिहू नका, गावाचं नाव लिहा. आमच्या गावाला नाव आहे, ग्रामपंचायत आहे, रेशनचं दुकान आहे. एकदा पाण्यानं पुसलं, तेवढं पुरे.

शेवटचं आणि खरं दुखणं. पुण्या-पिंपरीकडचं पाणी मुळा-मुठेतून, भीमेतून आमच्याकडंच येतं. शहरातला माणूस शांत पाणी शोधत इथं पोचतो, तेव्हा त्याच्या घरचं सांडपाणी त्याच्या आधी पोचलेलं असतं. उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, वास मारतं, तेव्हा तो नाक दाबून म्हणतो, “इथल्या लोकांनी किती घाण केलीय!” बाबांनो, शांत पाण्यावर खरंच जीव असेल, तर पुढची सहल ठरवण्याआधी आपल्या नगरसेवकाच्या दारात जा. आपल्या वॉर्डातलं मैलापाणी शुद्ध होऊन नदीत सुटतं की तसंच, एवढं त्याला विचारा. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.