पाळणाघर वस्तीत द्या

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



सोलापूरच्या पूर्वभागात विडी वळणाऱ्या बायांना मूल सांभाळण्याची किंमत विड्यांत मोजावी लागते. मजुरी मिळते ती हजार विड्यांवर. मांडीवर सूप, शेजारी तान्हं मूल. ते रडलं, तापलं, रांगत तंबाखूकडे गेलं की हात थांबतो आणि हजार पुरे होत नाहीत. घाईने वळलेल्या विड्या तपासणीत बाद होतात, ते नुकसान वेगळं. मूल झोपतं तेही तंबाखूच्या धुळीतच. जिला हे परवडत नाही ती थोरल्या मुलीला शाळेतून घरी बसवते. खाजगी पाळणाघराची फी या हिशेबात बसतच नाही.

या बायांसाठी कायदा नाही असं नाही. 1948 च्या कारखाने कायद्याने तीसपेक्षा जास्त स्त्रिया असलेल्या कारखान्याला पाळणाघर बंधनकारक केलं. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेवर ती जबाबदारी टाकली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याचा हक्क दिला. पण विडी वळली जाते घरात. कारखान्यातून पानं, तंबाखू आणि सूत आणायचं, वळलेला माल तिथे नेऊन द्यायचा, एवढाच या बायांचा तिथला वावर. गणवेश शिवणाऱ्या कितीतरी बायाही घरी नाहीतर चार-सहा शिलाई यंत्रांच्या खोलीत बसतात. एका छपराखाली पन्नास माणसं कधी भरायचीच नाहीत. वस्तीत मात्र हजारो कष्टकरी आया आहेत, आणि त्यांची मोजणी या कायद्यांत कुठेच झाली नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: सोलापुरात पाळणाघराचा निकष मालकाची हजेरीवही नसावा, वस्ती असावी.

अशी वस्ती शोधत बसावं लागणार नाही. शहराबाहेर कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत 2006 मध्ये उभी राहिली. त्याच परिसरात रे नगर झालं. तीस हजार घरांच्या या प्रकल्पातल्या पंधरा हजार घरांचा ताबा 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिला गेला. हक्काचं घर मिळालं, ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती वर्षानुवर्षांच्या लढ्यातून मिळाली. पण शहरातल्या दाटीच्या वस्तीतून इतक्या लांब आल्यावर कुणाची सासू मागे राहिली, कुणाची आई, कुणाची भरवशाची शेजारीण. मूल सांभाळणारी माणसं घरकुलाच्या आराखड्यात नसतात.

अंगणवाडी आहे, ती हवीच. पण तिचे वर्ग तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आणि दिवसाचे काही तासच. सहा महिन्यांच्या, दीड वर्षाच्या मुलाला दिवसभर ठेवायला तिथे सोय नाही. ती सोय केंद्र सरकारच्या ‘मिशन शक्ती’तल्या पाळणा योजनेत आहे: सहा महिने ते सहा वर्षं वय, दिवसाचे साडेसात तास, महिन्याचे सव्वीस दिवस, एका केंद्रात पंचवीसपर्यंत मुलं, एक सेविका, एक मदतनीस. खर्चात केंद्र सरकारचे 60 टक्के, राज्याचे 40. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर काढण्याची मुभाही तीत आहे. मात्र तसं करताना आहे त्याच सेविकेच्या गळ्यात हे काम बांधू नका. पोषण आहार, नोंदी, सर्वेक्षणं यांखाली ती आधीच दबली आहे. पाळणाघराला वेगळी माणसं लागतात, आणि त्यांना जगता येईल असं मानधनही.

ऑगस्ट 2024 पासून आपल्या शासनाने लाडकी बहीण योजनेतून बायांच्या खात्यात महिन्याला 1,500 रुपये द्यायला सुरुवात केली. ते पैसे इथे घरखर्चाला लागले, औषधाला लागले. पण त्या पैशांत दिवसभर मूल सुरक्षित राहील अशी जागा विकत मिळत नाही. ती शासनालाच उभारावी लागेल.

आमची मागणी आहे ती अशी. कुंभारीच्या दोन्ही वसाहती, विडी घरकुल, पूर्वभाग आणि अक्कलकोट रस्त्यावरची औद्योगिक वसाहत इथे सहा वर्षांखालच्या मुलांची घरोघर मोजणी करा. वेळ ठरवताना बायांना विचारा, कारण माल देण्याची वेळ आणि सरकारी कार्यालयाची वेळ एक नसते. आणि पाळणा योजनेच्या पुढच्या प्रस्तावात सोलापूरसाठी किती केंद्रं मागितली आहेत, कुठल्या वस्तीसाठी, ते नावानिशी जाहीर करा.

आपली,
सोलापूरची एक नागरिक