परसदाराला कोण विचारतो?

‘विद्यापीठ’ म्हटले की आपल्यासमोर परीक्षा, निकाल आणि पदवी एवढेच उभे राहते. कृषी विद्यापीठाचे तसे नाही. १९६८ ते १९७२ या काळात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे निघाली. त्यांची कामे तीन : शिक्षण, संशोधन आणि विस्तार. विस्तार म्हणजे इमारतींचा नव्हे. विद्यापीठात जे कळले ते गावात नेऊन पोचविणे. १९७४ साली पुदुच्चेरी येथे देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र सुरू झाले आणि आता बहुतेक जिल्ह्यांत अशी केंद्रे आहेत.

पण हे ज्ञान नेमके कोणाच्या दारात पोचते? आमच्या गावात कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी कार्यानुभवासाठी येतात, तक्ते लावतात, बोलतातही चांगले. बैठक मात्र बागायतदाराच्या ओट्यावर, आणि तीही भर दुपारी. त्या वेळी माझी आई दुसऱ्याच्या रानात खुरपत असते. सातबाऱ्यावर जिचे नाव नाही, तिला शेतकरी कोण म्हणणार? पण न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, कुडावर दोडका आणि दाराशी शेवगा तिनेही लावला आहेच. दोडक्यावर मावा पडला की ती राख टाकते. पन्नास ग्रॅम निंबोळीचा कूट लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारता येतो, हे तिला कोणी सांगितलेले नाही. आणि कडुनिंब तर अंगणातच उभा आहे!

अमेरिकेत १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विद्यापीठांचे विस्तारकार्य देशभर उभे राहिले. मुलांसाठी तेथे फोर-एच मंडळे आहेत. पुढे वॉशिंग्टन राज्यात परसबागेविषयी शहरातल्या लोकांचे प्रश्न इतके वाढले की विस्तार अधिकारी पुरेनात. तेव्हा, १९७३ च्या सुमारास, विद्यापीठाने हौशी नागरिकांनाच शिकविले आणि त्या बदल्यात लोकांच्या शंका फेडण्यासाठी त्यांचे काही तास मागून घेतले. अमेरिकेचे सगळेच उचलावे असे मी म्हणत नाही. पण ही युक्ती आपल्याला परवडणारी आहे.

कारण तास आपल्याकडे कमी आहेत काय? १९६९ साली, गांधी-शताब्दीच्या वर्षी, सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत प्रत्येक स्वयंसेवक वर्षाला १२० तास देतो. शंभर जणांचे बारा हजार होतात! त्यांतले कितीतरी खड्डे खणण्यात आणि फलक घेऊन फेरी काढण्यात जातात. खड्ड्यातल्या रोपाला वैशाखात पाणी कोण घालतो, ते विचारू नये.

कोणी म्हणेल, आपण कला शाखेचे. आपल्याला मातीतले काय कळते? अहो, आपल्यातले निम्मे मातीतूनच आलो आहोत. वर्गात सांगायला संकोचतो, एवढेच. दहा जणांनी केंद्रावर चार दिवस शिकावे आणि बाया कामावरून परतल्या की संध्याकाळी मजुरांच्या वस्तीत जावे. तिथल्या बोलीत समजावून सांगणे हे तर भाषेच्या विद्यार्थ्याचेच काम.

अडचण आहे ती वेळेची. आपले शिबिर हिवाळ्यात भरते. भोपळा, दोडका, गवार यांचे बी मृगाच्या तोंडावर हाती पडावे लागते आणि तेव्हा महाविद्यालयाला सुटी असते. मग सुटीत गावी जाणाऱ्यांनाच केंद्रावरून बी आणि माहिती देऊन का पाठवू नये? त्यांचे तास मात्र हजेरीपटावर धरले जावेत.