म्हाताऱ्यांचे फोन काढून घ्या म्हणे!

ऑनलाइन फसवणुकीवर व्याख्यानं देत वर्धा, हिंगणघाट, आर्वी असा दौरा करणारे एक गृहस्थ आहेत. नाव घेत नाही. घेतलं तर त्यांना आणखी दोन सभांची आमंत्रणं येतील. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: म्हातारी माणसं फसतात ती हावेपोटी आणि अडाणीपणामुळे, कितीही सांगा, ऐकत नाहीत, तेव्हा त्यांच्या हातातला स्मार्टफोन काढून बटनांचा फोन द्यावा आणि बँकेचं सगळं मुलांकडे सोपवावं. म्हणजे चोर मोकळे फिरले तरी चालतील, म्हाताऱ्यांना मात्र आत घाला! यावर टाळ्या पडतात. वाजवणारे बहुतेक सत्तरीपुढचे असतात, हे आणखी विशेष.

आधी अडाणीपणाचं बघू. लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल, वय तेव्हा ८२, पद्मभूषण. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांना व्हिडिओ कॉलवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून भामट्यांनी सात कोटी उकळले. हजारो कोटींचा कारभार पाहणारा हा माणूस अडाणी असेल, तर आमचे व्याख्याते कोण, हे मी वाचकांवर सोडतो.

आता हाव. शेअर बाजारात महिन्याला पैसे दुप्पट करून देणाऱ्यांच्या नादी लागणारे आहेत, मान्य. पण त्यांत तिशीतली पोरंही थोडी नाहीत. त्यांचे फोन कोण काढून घेणार? आणि ज्याला ‘डिजिटल अटक’ म्हणतात त्यात हाव कुठून आली? तुमच्या आधारवर काढलेल्या सिमवरून गुन्हा झालाय, असा फोन येतो. पडद्यावर खाकी गणवेश, मागे भिंतीवर बोधचिन्ह, टेबलावर फाइल. कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, पडताळणीसाठी पैसे अमुक खात्यात टाका, निर्दोष ठरलात की परत. म्हातारा मुदतठेव मोडतो ती पैसे वाढवायला नाही, आपण चोर नाही हे सिद्ध करायला. आयुष्यभर साहेबापुढे उभं राहून ‘होय सर’ म्हटलेल्या माणसाची आज्ञाधारकताच इथे लुटली जाते.

आणि ती त्याला शिकवली कुणी? दरवर्षी नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्या, नाहीतर पेन्शन थांबेल. केवायसी करा, नाहीतर खातं गोठेल. आधार जोडा, नाहीतर अमुक बंद, तमुक बंद. निवृत्त माणसाला खऱ्या कचेऱ्यांतून येणारं जवळजवळ प्रत्येक पत्र आणि प्रत्येक मेसेज ‘नाहीतर’वर संपतो. मग ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल’ असा मेसेज आला, तर तो खोटा हे त्यानं ओळखायचं कशावरून? भाषा तीच, दरडावणी तीच. चोराला नवीन काही रचावं लागलं नाही. सरकारी मसुदा त्याला आयता मिळाला.

ओटीपीचंच पाहा. कुणालाही सांगू नका, असं फोनवर अहोरात्र ऐकवतात. इकडे सिलिंडर घेऊन आलेला पोरगा दारातूनच ओरडतो, ‘काकू, कोड सांगा!’ काकू मोबाइल हातभर लांब धरतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि खालच्या बिऱ्हाडालाही ऐकू जाईल अशा आवाजात आकडे वाचतात. सांगितलं नाही तर सिलिंडर परत जायची धास्ती. चार दिवसांनी दुसरा कुणी गोड आवाजात कोड मागतो आणि काकू सांगतात, तेव्हा त्या म्हणे बेजबाबदार!

बँकांचीही तीच तऱ्हा. सेवेसंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करा, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं. त्यानंतरही मला एका बँकेतून साध्या दहा आकडी मोबाइलवरून फोन आला, केवायसी राहिलंय म्हणून. मी फोन ठेवला आणि शाखेत जाऊन विचारलं. फोन खराच होता! वर तिथल्या मुलीनं मलाच विचारलं, ‘आजोबा, फोन का कट केला?’

जुनं भांडण उकरून काढतो, पण इलाज नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर याच व्याख्यात्या गृहस्थांनी याच सभांतून ‘रोकड विसरा, मोबाइल हाती घ्या’ असा घोष लावला होता. पासबुक, काउंटर, ओळखीचा कारकून हे सगळं त्यांच्या मते मागासलेपण होतं. ‘निदान म्हाताऱ्यांसाठी एक खिडकी तरी राहू द्या’ म्हटल्यावर ते मला प्रगतीचा शत्रू म्हणाले होते. आता तेच सांगतात की फोन म्हाताऱ्यांच्या हातात शोभत नाही. दोन्ही वेळा हार त्यांनाच.

बरं, फोन काढला. मग हयातीचा दाखला? तो आता फोनला चेहरा दाखवूनही देता येतो. २०२५ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, हमीभावानं कापूस घालायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी मागितली. समुद्रपूरकडच्या सत्तरीतल्या शेतकऱ्यानं ती बटनांच्या फोनवर करायची काय?

मुलांकडे व्यवहार सोपवा, या सल्ल्याला एकच उत्तर पुरे. आईवडिलांच्या निर्वाह-कल्याणाचा कायदा संसदेला २००७ मध्ये करावा लागला, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता न सांभाळल्यास परत मिळण्याची सोय त्याच्या कलम २३ मध्ये ठेवावी लागली. हौस म्हणून नव्हे.

पण माझा खरा राग निराळा आहे. हावरट, अडाणी हे शब्द भरसभेत ऐकून घरी गेलेला माणूस उद्या फसला, तर तो कुणाला सांगेल? सुनेला? मुलाला? दोन दिवस गप्प बसेल. तेवढ्यात पैसे एका भाड्याच्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून पाच खात्यांत जातात आणि एटीएममधून निघतात. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन लागला तर वाटेत जिथे रक्कम सापडेल तिथे ती गोठवता येते. निघून गेली की हात चोळत बसायचं. ओसवालांनी तक्रार केली म्हणून त्यांचे सव्वापाच कोटी पोलिसांना परत मिळवता आले. म्हणजे व्याख्यात्यांची शिकवण चोरांना हवा तो वेळ मिळवून देते, तीही फुकटात.

मग करायचं काय? फार नाही. फोनवर, व्हिडिओवर अटक होत नाही. तशी तरतूदच कायद्यात नाही. सेवाग्राम आश्रमात व्हाइसरॉय लिनलिथगोंनी बसवून दिलेला टेलिफोन आपण पोराबाळांना दाखवतो. गांधीजींशी बोलायची एवढी सोय असतानाही ९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत पोलीस त्यांना धरायला दारात आले. इंग्रजांनासुद्धा फोनवरून अटक जमली नाही, ती या भुरट्यांना कुठली जमणार! बाकी, धमकीचा फोन आला की ठेवून द्यायचा आणि पासबुकावरच्या नंबरवर आपण लावायचा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. मेसेजमधून आलेलं ॲप, चलनाचं असो की लग्नपत्रिकेचं, उघडायचं नाही. रोजच्या खर्चाला वेगळं खातं ठेवायचं, त्यात चार-पाच हजार. पेन्शनचं खातं यूपीआयला जोडायचंच नाही. दिवसाची मर्यादा शाखेत अर्ज देऊन कमी करून घ्यायची.

आणि मुलांसाठी एक. बापाचा फोन आला, ‘अरे, माझ्याकडून काहीतरी झालंय’, की ‘किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला’ हे वाक्य संध्याकाळपर्यंत राखून ठेवा. आधी १९३० लावा, मग बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. कळवल्यानंतर अनधिकृत व्यवहारात होणारं नुकसान बँकेनं सोसायचं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बजावलंय. तो क्रमांक हातात आल्यावर बापावर काय चिडायचं ते चिडा.