स्मरणरंजन कोणाचे?

मराठी भावगीताविषयीच्या लेखनात एक गृहीत वारंवार आढळते. मागे वळून पाहणे ही मनुष्यमात्राची सनातन प्रवृत्ती आहे, म्हणून गेलेल्या दिवसांचे गाणे सर्वांचेच असते, असे ते गृहीत. ‘स्मरणरंजन’ हा शब्द आपण रूढ केला, त्यातच ते दडलेले आहे. स्मरण रंजकच असणार, असे हा शब्द आधीच ठरवून टाकतो. ‘गतकातरता’ या पर्यायी शब्दात निदान वेदनेला जागा आहे. पण तिथेही गेलेला काळ हवासाच असतो. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या हवेपणालाच आहे.

भवानीशंकर पंडितांचे, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि हृदयनाथ मंगेशकरांनी गायिलेले ‘गेले ते दिन गेले’ हे गीत श्रेष्ठ आहे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो अशा गीतांच्या समीक्षेशी. भावगीतातील भूतकाळाला बहुधा सन नसतो, गाव नसते, जात नसते, राज्यकर्ताही नसतो. या रिकामेपणालाच आपण वैश्विकता म्हणत आलो. वास्तविक भावगीताचा उगम काही केवळ पुण्या-मुंबईचा नव्हे. ‘रानारानांत गेली बाई शीळ’ लिहिणारे ना. घ. देशपांडे मेहकरचे होते. परंतु ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी आणि सभागृहातील मैफल यांनी जो श्रोता घडवला, त्याचाच भूतकाळ पुढे ‘मराठी मनाचा’ भूतकाळ ठरला.

हे गृहीत नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगरला लावून पाहावे. या गावाचे जुने नाव वाढोणा. आजही दोन्ही नावे चालतात. हा सारा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. अशा ठिकाणी ‘ते दिवस’ म्हटले की कोणते आणि कोणाच्या अमलाखालचे, हा प्रश्न टळत नाही. देशमुखाच्या वाड्याचे १९४७ साल आणि त्याच गावातील कुळाचे किंवा महारवाड्याचे १९४७ साल ही दोन वेगळी साले आहेत. एकाच गीतात ती मावतील, असे समीक्षकाने कोणत्या आधारावर म्हणावे?

मागे पाहणारी गाणी या प्रदेशात नव्हती, असे मुळीच नाही. जात्यावरच्या ओवीत माहेर सतत येते; पण ते केवळ गोड आठवण म्हणून नव्हे. ज्या घरात आपला वाटा नाही आणि जिथे भावाच्या मर्जीनेच जायचे, त्या घराविषयीचे ते बोलणे आहे. (मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये झाली.) माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्या तर बाबासाहेबांच्या आहेत. तिथे जुना काळ आठवला जातो तो परतण्यासाठी नव्हे, तर त्यातून आपण बाहेर पडलो हे पुन्हा पुन्हा सांगण्यासाठी. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांचीही स्मरणाची दिशा हीच. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत १९७८ मध्ये पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. नामांतर १९९४ मध्ये झाले. या सोळा वर्षांचे स्मरण ‘रंजन’ या शब्दात कसे बसवणार?

यावर आक्षेप येईल की, हा काव्याला समाजशास्त्राची फूटपट्टी लावण्याचा प्रकार आहे. तसे नाही. ओवीतील आणि जलशातील स्मरणालाही लय आहे, रचना आहे, भाव आहे. ज्या निकषांवर ही गाणी ‘लोकसाहित्य’ आणि ‘प्रचारगीत’ या कप्प्यांत जातात आणि भावगीत मात्र ‘काव्य’ ठरते, ते निकष काव्याचे नसून अभिरुचीच्या वर्चस्वाचे आहेत. ज्याला परतावेसे वाटते त्याचे स्मरण तेवढे काव्यमय आणि ज्याला परतायचे नाही त्याचे स्मरण तेवढे सामाजिक, ही विभागणी समीक्षेने आता सोडली पाहिजे. मराठी गीताचा इतिहास लिहिणाऱ्याने आणि तो पदव्युत्तर वर्गात शिकवणाऱ्याने प्रत्येक गीताला आधी एवढेच विचारावे : या काळात परत जाणे गाणाऱ्याला परवडणारे आहे काय?