नाबोथाचा मळा आणि बाटलीवरचे नाव

आपल्या समाजातील स्थिरावलेल्या कुटुंबांत अलीकडे एक युक्तिवाद वारंवार कानी पडतो. लग्न, बाप्तिस्मा वा प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या मेजवानीत उंची तांबड्या वाईनची बाटली उघडली जाते, आणि कोणी नाक मुरडलेच तर उत्तर तयार असते : प्रभूने काना गावी पाण्याचा द्राक्षारस केला, आम्ही तोच वारसा चालवतो! त्यातही वाईन ‘एकाच मळ्याची’ असेल तर यजमानाची मान अधिकच ताठ होते.

हा युक्तिवाद मला मान्य नाही. मी दारूबंदीचा झेंडा खांद्यावर घेतलेला नाही. रोज मिस्सेत द्राक्षारस अर्पण करणाऱ्याला त्याचा द्वेष शोभतही नाही. माझी तक्रार एवढीच की, काना आणि वेदी यांची साक्ष काढून आपण मळ्याविषयीचा बायबलचा खरा प्रश्न टाळतो.

त्या मळ्यांची थोरवी आधी मोकळेपणाने सांगितली पाहिजे. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या काठी ‘कोत-रोती’ आणि ‘एर्मिताज’ हे उभे उतार आहेत. ‘सिरा’ ही काळी द्राक्षे तिथली. आपल्या नाशिककडे त्यांनाच ‘शिराज’ म्हणतात. उतार इतका तीव्र की जागोजागी ट्रॅक्टर चढत नाही. दगडी बांध रचून पायऱ्यापायऱ्यांनी जमीन केलेली, वेलींना खुंटांचा आधार, आणि पावसाने खाली वाहून आलेली माती माणसांनी पुन्हा वर वाहून न्यायची. गिगाल या घराण्याने १९६६ पासून ‘ला मुलीन’ या एकाच उताराची वाईन वेगळी ठेवली. आज ती साडेतीन वर्षे ओकच्या पिंपांत मुरते. सिराच्या पेल्याला काळ्या मिरीचा वास येतो म्हणतात, तो जाणकारांचा कल्पनाविलास नव्हे. मिरीत आणि या द्राक्षात एकच सुगंधी द्रव्य असल्याचे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले.

पण नावाचा महिमा पाहा! एर्मिताज म्हणजे तपस्व्याची कुटी. धर्मयुद्धातून परतलेला एक सरदार तेराव्या शतकात त्या टेकडीवर एकांतवासात राहिला, अशी आख्यायिका आहे. माथ्यावर संत ख्रिस्तोफरचे छोटे चॅपल आहे. ते १९१९ पासून झाबुले या वाईन-घराण्याच्या मालकीचे असून त्यांच्या प्रसिद्ध वाईनचे नावही ‘ला शापेल’, म्हणजे चॅपल, असेच आहे. गंमत अशी की ती वाईन चॅपलभोवतीच्या एका तुकड्याची नाही. टेकडीवरील अनेक तुकड्यांच्या द्राक्षांचे ते मिश्रण आहे. त्यात गैर काही नाही. मात्र चॅपलचे नाव दिले म्हणून पेल्यात पावित्र्य उतरत नाही, हे आपल्या यजमानांनी ध्यानात घ्यावे.

वेदीला तर मळ्याचे नावच नको असते. धर्मसभेच्या कायद्याचे ९२४ वे कलम एवढेच मागते : द्राक्षारस वेलीच्या फळापासून झालेला, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा. उतार कोणता, साल कोणते, रंग तांबडा की पांढरा, याची चौकशी नाही. ज्याला वेदीचा दाखला द्यायचा असेल त्याने हा साधेपणाही घ्यावा.

‘एकाच मळ्याची’ गोष्ट बायबलमध्ये आहे, पण ती वेगळी आहे. नाबोथाकडे एकच मळा होता, वडिलोपार्जित. राजा अहाबाला तो हवा झाला. नाबोथाने नकार दिला. ईजबेलने खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथ दगडांखाली मेला. संदेष्टा एलिया मळ्यात उतरला तो द्राक्षाची चव पाहायला नव्हे. याकोबाच्या पत्रात तर कापणी करणाऱ्यांची बुडवलेली मजुरी देवाच्या कानी आक्रोश करते; पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’मध्ये याच वचनाचा आधार घेतला.

हा प्रश्न परदेशातला नाही. सुरगाणा आणि पेठचे आदिवासी दिंडोरी-निफाडच्या बागांत खरड छाटणीला आणि गोडी छाटणीला येतात. इकडे परभणी जिल्ह्यातील झरीसारखी गावे द्राक्षपट्ट्यातली नाहीत, काळ्या रानाची आहेत. पण मराठवाड्याच्या अशा कोरडवाहू भागातून दिवाळीनंतर उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. छाटणीची कात्री असो की कोयता, घर मागे टाकून दुसऱ्याच्या पिकावर राबायचे हे एकच. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाईनविक्रीस परवानगी देण्याचे ठरवले, तेव्हा समर्थकांच्या तोंडी शेतकऱ्याचे हित होते आणि विरोधकांच्या तोंडी व्यसनाचे भय. दोन्ही मुद्दे रास्त. पण छाटणी करणारी बाई त्या वादात कुठेच नव्हती.

कोणी म्हणेल, फादर, पाहुण्यांसमोर असले प्रश्न काढून मेजवानी कडू करायची काय? काढावेत. ज्या यजमानाला द्राक्षाची जात, उताराची दिशा आणि पिंपाचे लाकूड तोंडपाठ आहे, त्याने विक्रेत्याला आणखी एक गोष्ट विचारावी : या मळ्यात छाटणीला कोण येते, त्यांना रोज किती मिळतो, आणि हंगामात त्यांची मुले कोणत्या शाळेत बसतात? मळा खरोखरच एक असेल, तर उत्तर शोधायला फार लांब जावे लागणार नाही.