मातीतील जिवाणू आणि आपली शीतसाखळी

वैद्यकीय शिक्षणात जिवाणूंची ओळख होते ती शत्रू म्हणून. आतड्यातील उपकारक जिवाणूंची दखल आपण उशिरा घेतली. मातीतल्यांची तर घेतलीच नाही. वास्तविक माळव्याच्या काळ्या जमिनीची व्याधी डॉक्टरांना सहज उमजावी अशी आहे. तिच्यात स्फुरद असते, परंतु ते चुन्याशी संयोग पावून अविद्राव्य होऊन बसते. सोयाबीनला डीएपीतून दिलेल्या स्फुरदाचाही जेमतेम पाचवा हिस्सा पहिल्या हंगामात पिकास लाभतो. लोहाच्या गोळ्या द्याव्यात आणि आतड्याने त्या शोषूच नयेत, तसा हा प्रकार!

बॅसिलस, स्यूडोमोनास यांच्या काही जाती ग्लुकोनिक, सायट्रिक आदी आम्ले स्रवून हे स्फुरद मोकळे करतात. पिकोव्स्काया यांनी १९४८ मध्ये सुचविलेल्या माध्यमावर अशा जिवाणूंच्या वसाहतीभोवती स्वच्छ वलय उमटते. प्रतिजैविकांच्या चाचणीतील वलय पाहिलेल्यांना ते ओळखीचे वाटेल.

मात्र हे जिवाणू स्फुरद निर्माण करीत नाहीत, केवळ सोडवितात. त्यांच्या भरवशावर रासायनिक खत सर्वस्वी बंद करा, असे सांगणाऱ्या उत्साही मंडळींशी मी सहमत नाही. शिवाय त्यांना सेंद्रिय कर्ब लागतो. ज्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली, तेथे हे निराळे सांगावे लागू नये.

माझी खरी तक्रार पाकिटाविषयी आहे. २००६ मध्ये जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आणि भुकटीच्या दर ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावेत, असे ठरले. पण मे महिन्यात पत्र्याखाली तापणाऱ्या दुकानात ते पाकीट पडून राहिले, तर त्या संख्येचे काय होणार? पोलिओची लस आपण अशी ठेवू दिली असती का? लसीच्या कुपीवर उष्णतेची खूण असते. येथे शेतकऱ्याच्या हाती केवळ छापील तारीख. मेलेले जिवाणू बियाण्यास चोळून तो पेरणी करतो, फरक दिसत नाही, आणि दोष मात्र शास्त्राला लागतो.

तपासणी कारखान्यात नव्हे, तर विक्रीच्या ठिकाणचे नमुने घेऊन व्हावी. सहकारी संस्थांच्या गोदामात या पाकिटांसाठी थंड, सावलीची जागा असावी. आपल्यापैकी अनेकांची गावाकडे शेती आहे. त्यांनी येत्या खरिपापूर्वी पाकीट घेताना ते दुकानात कोठे ठेवले होते, एवढे अवश्य विचारावे.